बाजूची दोन चाके निघाल्याबद्दल

मु. पो. अल्लीपूर,
ता. हिंगणघाट, जि. वर्धा
११ मे १९५८

श्रीमान जावईबुवा प्रभाकररावजी यांस,

डोमाजी मास्तरचा सप्रेम जयभीम. इकडील मंडळी खुशाल आहे आणि इटारसीच्या उन्हात माणसाला जितके खुशाल राहता येते तितके तुम्हीही असाल, असे धरून चालतो. चि. सौ. सुलोचनाची प्रकृती उत्तम. नर्सबाई येऊन पाहून जातात आणि चालत राहा म्हणतात, त्याप्रमाणे ती परसात विहिरीपासून गोठ्यापर्यंत चालत असते. तुमच्या सासूबाईंचे गुडघे जसे होते तसेच आहेत. माझा दमा उन्हाळ्यात माझ्यापेक्षा समजूतदारपणे वागतो. चि. वच्छलेची प्रकृतीही उत्तम आहे. (डावे ढोपर, उजवे कोपर आणि हनुवटीचा थोडा भाग सोडून. परंतु तो मजकूर क्रमाने येईल. तोपर्यंत घाबरण्याचे कारण नाही आणि त्यानंतर घाबरून उपयोग नाही.)

तुमचे पत्र पोचले. त्यात तुम्ही शेवटी विचारले आहे की वच्छी सायकल कशी चालवते ते दोन ओळींत कळवावे. जावईबुवा, मी सगळी हयात मराठी शाळेत मास्तरकी केली. पोरांना "थोडक्यात उत्तरे लिहा" असे सांगताना मला कधीच कसे वाटले नाही की थोडक्यात लिहायला आधी प्रकरण थोडके असावे लागते? तेव्हा दोन ओळी म्हणून मी बसलो आहे. पुढे जे होईल ते होईल.

सायकल हिंगणघाट स्टेशनवर सुखरूप उतरली. तुमच्या वसाहतीतला तो गोरा ड्रायव्हर विलायतेला निघाला म्हणून तुम्हाला ती मिळाली, आणि इतक्या लहान मुलीसाठी इतकी लहान सायकल आपल्या मुलखात कोणी पाहिली नसेल, हे तुम्ही लिहिले होते, ते खरे आहे. मी ती बंडीत घालून आणली. तरटातून ती बाहेर काढली तेव्हा अर्धी गल्ली जमली होती. लाल रंग, पुढे पितळी घंटी, आणि मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन चिमुकली चाके. आमच्या शेजारचा कवडू (हा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असून गल्लीतल्या एकमेव मोठ्या सायकलीचा मालक आहे) तिच्याभोवती फिरला, वाकला आणि म्हणाला, "गुरुजी, हे सायकल हाये का रेंगी? बैल कुठं जुंपाचे?" मी त्याला समजावून सांगितले की बाजूच्या चाकांमुळे मूल पडत नाही. तो म्हणाला, पडलं नाई तं शिकन कसं? शिकवण्याच्या बाबतीत मी सहसा जिनिंगवाल्यांचा सल्ला घेत नाही.

सायकलीबरोबर तुमचे सूचनापत्र होते. बाजूची चाके काढू नयेत. मूल दहा वर्षांचे होईपर्यंत तर काढूच नयेत. जेवणानंतर चालवू देऊ नये. उतारावर नेऊ नये. मोठ्या माणसाने सतत मागे धरून असावे. तुम्ही रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहात. चाक जागचे हलले की चौकशी बसते अशा ठिकाणी माणसाने दिवस काढले म्हणजे त्याचा स्वभाव असा होणारच, त्यात तुमचा दोष नाही. ते पत्र मी भिंतीला खिळ्याला अडकवले. ते अजून तिथेच आहे. पत्राकडे आमच्या बाजूने काही दुर्लक्ष झाले नाही, सायकलीकडून झाले.

पहिला प्रसंग दारातच घडला. आमच्या गल्लीत बंड्या जाऊन जाऊन खोल चाकोऱ्या पडल्या आहेत हे तुम्हाला माहीत आहे. (लग्नाच्या वेळी तुमच्या मावशींचा पाय त्यातल्याच एकीत मुरगळला होता.) वच्छला सायकलीवर बसली, सायकल चाकोरीत उतरली, आणि बाजूची दोन चाके चाकोरीच्या दोन्ही काठांवर जाऊन बसली. त्यामुळे मागचे मुख्य चाक अधांतरी राहिले. वच्छलेला हे कळण्याचा मार्ग नव्हता, कारण त्या वेळी ती डोळे मिटून सायकल चालवत असे. तिने पायडल मारायला सुरुवात केली. चाक भन्नाट फिरू लागले. तिने घंटी वाजवली, "बाजू व्हा" म्हणून ओरडली, घामाघूम झाली. माझ्या अंदाजाने एवढ्यात तिचे हिंगणघाट यायला हवे होते. मग तिने डोळे उघडले, आपल्याच दाराकडे पाहिले, दारात उभ्या असलेल्या आजीकडे पाहिले आणि मला विचारले, "आबाजी, घर पण आपल्यासंग येऊन राह्यलं का?"

(ती इकडे आली तेव्हा निम्मे हिंदी बोलत होती. आता निम्मे वऱ्हाडी बोलते. शुद्ध मराठीचा निम्मा भाग कुठे राहिला, याचा शोध मी सोडून दिला आहे.)

गल्लीत हे जमणार नाही म्हणून मी तिला बाजाराच्या मैदानावर नेले. बाजाराचा दिवस सोडला तर ते मोकळे असते. मध्ये एक चिंच, एका बाजूला देवकाबाईंचे घर, बाकी सपाट. तिथे सायकल चालली. खडखड आवाज करत, चारही चाकांवर, अगदी तुमच्या इच्छेप्रमाणे. मी मागे चालत होतो. कोणी पडत नव्हते. असे काही दिवस गेले आणि मी तुम्हाला खरोखरच दोन ओळींचे कार्ड टाकणार होतो. पण उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या आणि कवडूची मुलगी मिरी मैदानावर आली. मिरी नऊ-दहा वर्षांची. ती बापाची काळी, स्वतःपेक्षा उंच सायकल कैची मारून चालवते, म्हणजे मधल्या दांडीखालून पाय घालून, अंग एका बाजूला टाकून, वेणी वाऱ्यावर सोडून. ती वच्छलेजवळून गेली, थांबली, चारही चाकांकडे पाहिले आणि म्हणाली, "हा तं पांगुळगाडा हाये." तिच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. तिने फक्त वस्तूचे नाव सांगितले.

वच्छलेला तो शब्द माहीत नव्हता. तिने घरी येऊन आजीला अर्थ विचारला. तुमच्या सासूबाईंनी मोठ्या मायेने सांगितले की चालता न येणाऱ्या बाळाला धरून उभे राहायला सुतार जो तीन चाकांचा गाडा करून देतो तो पांगुळगाडा. सुलोचना वर्षाची असताना तिलाही केला होता, माळ्यावर अजून असेल, आता येणाऱ्या बाळाला कामी येईल. त्या संध्याकाळी वच्छला जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चाकं काढा."

मी तिला सांगितले की असा निर्णय तिच्या बाबांना विचारल्याशिवाय घेता येणार नाही. मी पत्र टाकतो, उत्तर आले की बघू. तिने विचारले, उत्तर यायला किती वेळ लागेल. मी म्हटले, आठेक दिवस. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "मग तोवर काढून ठेवू. बाबा नाई म्हणाले तर पुन्हा लावू." जावईबुवा, माझ्या नोकरीत मी सुट्टीचे, बदलीचे, पगारवाढीचे पुष्कळ अर्ज वाचले आणि लिहिले. इतका बिनतोड अर्ज एकही नव्हता. तुमच्या सासूबाई मात्र म्हणाल्या की पोरीच्या तोंडावर वण राहिला तर पुढे कोण जबाबदार? मी म्हटले, आपण पाहत राहू. मी स्वतः या प्रकरणात सुरुवातीपासून पाहण्याचेच काम केले आहे.

चाक निघाले. (कोणी काढले हे महत्त्वाचे नाही. पाना कवडूचा होता.) परंतु उजवीकडचे निघाले आणि डावीकडचे निघेना. त्याचा नट गंजून एकजीव झाला होता. तेव्हा काही दिवस वच्छलेने तीन चाकांची सायकल चालवली. ती सायकल डावीकडे कलत असे आणि डावीकडेच वळत असे. सरळ जाणे तिला मंजूर नव्हते. आमचे घर मैदानाच्या उजव्या अंगाला आहे. त्यामुळे घरी यायचे झाले की वच्छला डावीकडे वळून चिंचेला वेढा घाली, पुन्हा डावीकडे, पुन्हा डावीकडे, असे करत करत शेवटी उजवीकडच्या गल्लीच्या तोंडाशी येई आणि तिथून उतरून सायकल हाताने ओढत आणी. ही युक्ती तिची तिने काढली होती. मला तिचा अभिमान वाटला असे मी म्हणणार नाही, पण मी ती गोष्ट त्या दिवशी पुष्कळ लोकांना सांगितली.

मग सायकल रामाजी लोहाराकडे नेली. त्याने नटावर तेल सोडले, वाट पाहिली, पुन्हा तेल सोडले, पुन्हा वाट पाहिली. आणि मग त्याचा धीर सुटला व त्याने छिन्नी लावून हातोडा घातला. चाक निघाले. त्याच्याबरोबर बोल्टही निघाला, म्हणजे अर्धा निघाला. आता ते चाक पुन्हा बसवणे शक्य नाही, असे रामाजीने तोंडी आणि मी लेखी कळवत आहे. तुमच्या उत्तराची वाट पाहण्याचा प्रश्न अशा रीतीने आपोआप मिटला.

येथून खरे शिकणे सुरू झाले. पद्धत सर्वांना ठाऊक आहे. मूल सायकलीवर, मोठ्या माणसाचा हात सीटला मागून, आणि मोठे माणूस पळते. सुलोचना या अवस्थेत पळू शकत नव्हती. तुमच्या सासूबाईंचे गुडघे मी वर लिहिलेच आहेत. म्हणून मी पळू लागलो. धोतर नेसून सायकलीमागे पळणाऱ्या माणसाने एक काळजी घ्यायची असते आणि ती मी घेतली नाही. तिसऱ्या की चौथ्या फेरीला धोतराचा सोगा साखळीत गेला. मी "थांब" म्हणालो. वच्छलेला वाटले, मी दमलो म्हणून म्हणतो आहे. ती म्हणाली, "अजून थोडं, आबाजी," आणि जोरात पायडल मारले. साखळीने धोतर गिळायला सुरुवात केली. मैदानाच्या कडेला माझे दोन-तीन जुने विद्यार्थी उभे होते. त्यातला एक आता ग्रामपंचायतीचा सरपंच आहे. कुणी हसले नाही. मी शिकवलेल्या शिस्तीचा एवढा पुरावा मला पूर्वी कधी मिळाला नव्हता. पुढचे मी वर्णन करत नाही. कवडूचा दुपट्टा कामी आला, आणि दुसऱ्या दिवसापासून मी जुना पायजमा घालून मैदानावर जातो.

देवकाबाईंच्या कुरड्यांचा प्रकार त्यानंतरचा. बाजेवर पांढऱ्या लुगड्यावर वर्षभराच्या कुरड्या वाळत घातल्या होत्या. मैदान केवढे, बाज केवढी! पण सायकल शिकणारे मूल ज्या वस्तूला चुकवायचे ठरवते तिच्याकडे टक लावून पाहते, आणि ज्याच्याकडे पाहते तिकडेच जाते. बाज उलटली. वच्छला केसांत कुरड्या घेऊन उठली. देवकाबाई धावत आल्या. मला वाटले, आता आपल्या तीन पिढ्यांचा उद्धार होणार. त्यांनी आधी पोरीचे ढोपर पाहिले, पदराने पुसले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्तर, पोरीले काय म्हणू? थे लहानी हाये. तुमी तं लहाने नाई ना!" दुसऱ्या दिवशी आपल्या घरून तुमच्या सासूबाई कुरड्या घालायला गेल्या आणि संध्याकाळपर्यंत तिकडेच बसल्या. दोघींची चांगली गट्टी जमली आहे. हा फायद्याचा भाग.

आता जो मजकूर लिहायचा आहे तो मी दोनदा लिहून खोडला. कागद त्यामुळे थोडा विद्रूप दिसेल.

वच्छला पळत्या सायकलीवर दर दोन-चार पायडलांना विचारत असे, "आबाजी, धरलं ना?" आणि मी म्हणत असे, "धरलं, धरलं." असे रोज. कवडू एके सकाळी जिनिंगला जाताना थांबून पाहत होता. तो म्हणाला, "गुरुजी, असं धरून तं थे बारा वर्षं नाई शिकणार. हळूच सोडून द्या. तिले सांगू नोका. पोराईले असंच शिकवा लागते." मलाही ते पटले. सगळेच असे शिकतात. मी सोडले. ती पुढे गेली. सरळ, सुंदर गेली. मी चिंचेखाली उभा राहिलो. तिने विचारले, "धरलं ना?" मी चिंचेखालून म्हणालो, "धरलं!" ती आणखी पुढे गेली, पुन्हा विचारले, मी पुन्हा म्हणालो, आणि माझा आवाज लांबून का येतो म्हणून तिने मागे वळून पाहिले.

ती पडली. फारसे लागले नाही. कोपर तेवढे खरचटले. मी धावत गेलो तोवर ती उठून उभी होती. रडत नव्हती. तिने आधी माझ्याकडे पाहिले, मग चिंचेकडे पाहिले, मग मधल्या जागेकडे पाहिले.

"तुम्ही धरलं म्हणाले."

मी म्हटले, "अगं, पण तू एकटी चालवलीस की नाही इतकी लांब?"

"तुम्ही तिकडे होते. धरलं म्हणाले." मग ती अगदी हळू म्हणाली, "तुम्ही झूठ बोलले, आबाजी."

कवडू तोवर जिनिंगला निघून गेला होता.

ती घरी आली आणि तिने सायकल भिंतीला लावली. दुसऱ्या दिवशी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी एक कोंबडी सीटवर बसू लागली, तिलाही तिने हाकलले नाही. माझ्याशी ती भांडली नाही, रुसली नाही. पाणी मागितले तर आणून देत असे. नुसती विचारायची थांबली. दिवसभर "आबाजी हे काय, आबाजी ते काय" चाललेले असे, ते बंद झाले. घर इतके शांत झाले की सुलोचना परसात चालताना तिच्या चपलांचा आवाज ओसरीत येत असे. सुरुवातीला तुमच्या सासूबाईंना बरे वाटले, सायकलीचे खूळ गेले म्हणून. पण शेवटी त्याच मला म्हणाल्या, "पोट्टी बोलत काऊन नाई? तुमी काय केलं तिले?"

मी उपाय केले. लाह्या-गूळ दिला. तिने खाल्ला. राजाची गोष्ट सांगितली. तिने ऐकली, शेवटी "मग?" असे विचारले नाही. मग मी ठरवले की सरळ बोलावे. वर्गात मी शेकडो मुलांना उभे करून "माझे चुकले" असे म्हणायला लावले आहे. दोन शब्द आहेत, जोडाक्षर एकही नाही. पण स्वतः म्हणायची वेळ आली तेव्हा मी आधी खाकरलो, चष्मा पुसला, हवा फार तापल्याबद्दल बोललो, आणि मग म्हटले. ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिने सगळे दाणे टाकून होऊ दिले. मग म्हणाली, "तुम्हाला माहीत नाई कसं वाटते. तुम्ही बसा. मी धरते."

जावईबुवा, मी आयुष्यात कधी सायकलीवर बसलेलो नाही. पायी गेलो, बंडीतून गेलो, मोटारीतून गेलो. पण या मुलीला "या वयात कसे" असे सांगण्याची माझी पत त्या दिवशी उरली नव्हती. लाल सायकलीवर माझे पाय जमिनीला टेकत, ते तिला चालेना. म्हणून दुसऱ्या दिवशी, कवडू कामावर निघायच्या आधी, त्याची काळी सायकल घेतली. मी चिंचेला धरून वर चढलो. वरून जमीन बरीच खाली दिसते, हे बसल्याशिवाय कळत नाही. वच्छलेने मागचे कॅरिअर दोन्ही हातांनी धरले. तिचे डोके कॅरिअरच्या जेमतेम वर येत होते. ती म्हणाली, "मी सोडत नाई. तुम्ही पायडल मारा."

मी मारले. सायकल हलली. माझ्या तोंडून जो प्रश्न निघाला तो मी ठरवून विचारला नाही. तो आपोआप निघतो. "धरलं ना गं?" मागून आवाज आला, "धरलं." आवाज जवळून येत होता. आणखी थोडे गेलो. मी पुन्हा विचारले. "धरलं, आबाजी." मग हँडल एकीकडे गेले, मी दुसरीकडे गेलो आणि सायकल तिसरीकडे निघाली. आम्ही सगळेच खाली आलो. धुरळा बसल्यावर मी पाहिले तर वच्छला सायकलीच्या मागे पालथी पडली होती. माझ्याबरोबर ती फरफटत आली होती, हनुवटी सोलली होती, तोंडात माती गेली होती, आणि तिच्या दोन्ही मुठी कॅरिअरला जशाच्या तशा होत्या. तिने माती थुंकली.

"मी सोडलं नाई," ती म्हणाली.

मी म्हटले, "पाहिलं मी."

मी थोडा वेळ तसाच मातीत बसलो. (गुडघ्याला लागले होते म्हणून.) तिनेच सायकल उचलायला हात लावला. ती एकटीला उचलली जाईना, तेव्हा दोघांनी उचलली. मग तिने आपली लाल सायकल आणली आणि मला सांगितले, "आता तुम्ही धरा. पण सोडाच्या आधी सांगाचं."

मी म्हटले, "सांगितलं तर तू घाबरशील."

ती म्हणाली, "घाबरीन. पण सांगाचं."

आम्ही निघालो. पायजम्यात मला आता बरे पळता येते. चिंच मागे गेली. मी विचारले, "सोडू का?" ती म्हणाली, "नाई." देवकाबाईंच्या घरावरून गेलो. देवकाबाईंनी बाज उचलून आत घेतली. "सोडू का?" "थांबा." मला दम लागला होता, पण मी बोललो नाही. मैदानाचे दुसरे टोक आले, वळलो, परत निघालो. तिची मान ताठ होती. मी तिसऱ्यांदा विचारले. मग तिने एक मोठा श्वास घेतला, तो मला मागून दिसला, आणि म्हणाली, "सोडा."

मी म्हटले, "सोडतो बरं." आणि सोडले.

ती गेली. मागे पाहिले नाही. सरळ गेली, डावीकडे वळली, आणि मग उजवीकडेही वळली. माझा हात तसाच पुढे राहिला होता. तो कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून मी दुसऱ्या हातात धरून पाठीमागे घेतला. मिरी मैदानाच्या कडेला उभी होती. तिने कैचीतून पाय काढला आणि पाहत राहिली. वच्छला तिच्याजवळून गेली, घंटी वाजवली आणि पुढे गेली. असे तिने मैदानाला वेढे घातले. मला वाटले, आनंदाने घालते आहे. चिंचेजवळून जाताना ती ओरडली तेव्हा कळले की तिला थांबता येत नव्हते. चालवायचे शिकवण्याच्या नादात थांबायचे शिकवायचे राहूनच गेले होते. "आबाजी, धरा! धरा!" असे ओरडत ती पुढच्या फेरीला आली. मी आडवा गेलो, सीट धरली आणि दोन पावले फरफटत जाऊन थांबवली. ती उतरली, तोंडावरचा घाम फ्रॉकने पुसला आणि म्हणाली, "सांगून सोडलं की भीती तेवढीच वाटते. पण राग येत नाई."

आता तिला ब्रेक लावता येतो. ती सायकल चांगली चालवते. (या तुमच्या दोन ओळी.)

सुलोचनाची अजिबात काळजी करू नका. तुमच्या मातोश्रींना आमचा नमस्कार आणि जयभीम सांगा. उन्हात डोक्याला ओला फडका बांधत जा. लोभ आहेच, वच्छलेमुळे तो आता पायजम्यात पळतो, एवढाच फरक.

आपला,
डोमाजी मास्तर

ता. क. तुम्ही जूनच्या सुरुवातीला येणार म्हणून लिहिले आहे. वच्छलेने ठरवले आहे की ती सायकलीवर मोटार स्टँडपर्यंत तुम्हाला घ्यायला येणार. तुम्ही मोटारीतून उतराल, ती समोरून येताना दिसेल, बाजूला चाके दिसणार नाहीत, हनुवटीवर खपली असेल, आणि तुम्हाला धावत जाऊन धरावेसे वाटेल. कृपा करून धरू नये. हातात सामान ठेवावे. दोन्ही हातांत ठेवावे. ती तुमच्यापर्यंत येईल आणि स्वतः ब्रेक लावून थांबेल. मग जे बोलायचे ते बोला. खरे सांगायचे तर एवढेच कळवायचे होते. वरचा मजकूर वाचला नाही तरी चालेल.

ता. क. २. मुलाला केव्हा सोडावे हे कळणे मोठ्या माणसाच्या अंगी यावे लागते. मला ते उशिरा आले, पण पक्के आले आहे. तुम्हाला काही अडचण वाटल्यास निःसंकोच विचारावे.

ता. क. ३. (हे मी लिहिते, सुलोचना. पत्र पाकिटात घालायला बाबांनी माझ्याजवळ दिलं आणि खाली कोरी जागा दिसली.) तुम्ही काळजी करू नका, वच्छी खरंच छान चालवते. मीसुद्धा परसातून गल्लीपर्यंत जाऊन पाहिलं. फक्त बाबांनी एक गोष्ट लिहिली नाही. त्या दिवसापासून रोज सकाळी, कवडूभाऊ कामावर जायच्या आधी, त्यांची काळी सायकल घेऊन आजा-नात मैदानावर जातात. वच्छी मागून कॅरिअर धरते. प्रत्येक फेरीला ती प्रामाणिकपणे विचारते, "आबाजी, सोडू का?" आणि गावात कुणाशीही पुस्तकातलीच भाषा बोलणाऱ्या बाबांचा आवाज इथं चुलीपर्यंत ऐकू येतो: "नोको वं माय! सोडू नोको! सोडू नोको!"